समुपदेशन खोलीसाठी व्हाइट नॉइज मशीन: दाराबाहेर कामाचं, आत अडचणीचं

हे छोटं मशीन आतलं बोलणं बंद करत नाही. एकसारखा ‘शूऽऽ’ आवाज सोडून ते शब्द पुसट करतं. बाहेर बसलेल्याला आत कोणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. अपेक्षा एवढीच ठेवावी.

खरा पंखा फिरणारं मशीन घ्यावं. रेकॉर्डिंग वाजवणाऱ्यांत पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा आखूड असला की त्याचा जोड कानाला खटकतो आणि बसलेल्याचं लक्ष नेमकं दाराकडे जातं. पंखेवाल्याचा आवाज फार वाढत नाही, जाळीत धूळ साचली की घरघरतो. तरी तेच बरं. त्याआधी दाराखालची फट रबरी पट्टीने बुजवा, नाहीतर शब्द तिथूनच निसटतात.

मशीन खोलीत ठेवणं ही सर्रास होणारी चूक. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो (फ्रेंच कान-नाक-घसातज्ज्ञ एत्येन लोंबार यांनी १९११ मध्येच हे नोंदवलं), म्हणजे गुप्तता राहिली बाजूलाच. शिवाय ऐकू यावं म्हणून समुपदेशक पुढे झुकतो, खुर्ची ओढतो. हे सगळ्यांना चालत नाही. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये ४५ ते १२० सेंटिमीटर हे जवळच्या ओळखीचं अंतर सांगितलं, पण त्यांची निरीक्षणं मुख्यतः अमेरिकी मध्यमवर्गाची होती. पुढे ४२ देशांत झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनोळखी माणसापासून सर्वांत कमी अंतर अर्जेंटिनात हवं होतं, सर्वांत जास्त रुमानियात. त्यामुळे मशीन बाहेर आणि खुर्ची सहज सरकणारी हवी. सुरुवात १२० सेंटिमीटरवर, जरा तिरकी. क्लायंट सरकवेल तिथेच ती राहू द्यावी.

चाचणी सोपी आहे. एकाने आत मनाने रचलेली नावं आणि आकडे वाचायचे, दुसऱ्याने बाहेरच्या सर्वांत जवळच्या खुर्चीवर बसून ऐकू येईल ते लिहायचं. हे चढ्या आवाजातही करून बघा, कारण रडताना, चिडताना माणूस हळू बोलत नाही.

मशीन जिथे थिटं पडतं ती जागा वेगळी. घरची माणसं सोबत येतात आणि ‘आम्हालाही कळायला हवं’ ही आपुलकी मानली जाते, तिथे बंद दारापुढचा हा आवाज लपवाछपवीचा वाटतो. पहिल्याच भेटीत, घरच्यांसमोर सांगावं: मशीन कशासाठी आहे, काय सांगायचं ते क्लायंट ठरवेल, जिवाला धोका असेल तर अपवाद. काहींना परक्या माणसासोबत बंद खोलीत बसणंच जड जातं. त्यांच्यासाठी दार उघडं ठेवलं तर मशीन निरुपयोगी. दाराला काचेची उभी पट्टी लावा, म्हणजे दिसेल पण ऐकू येणार नाही.

आणि दोन सत्रांच्या मधेही ते चालूच ठेवा. मधेच सुरू झालं की आत काहीतरी खासगी सुरू झाल्याची वर्दी बाहेर सगळ्यांना मिळते.