जुन्या कादंबऱ्या घरात मिळून वाचायच्या तर: गुटेनबर्ग आणि लिब्रिव्हॉक्स

घरातल्या सगळ्यांनी मिळून जुन्या इंग्रजी कादंबऱ्या वाचायच्या तर प्रोजेक्ट गुटेनबर्ग (वाचायच्या ई-पुस्तकांचं संकेतस्थळ) आणि लिब्रिव्हॉक्स (ऐकायच्या पुस्तकांचं) ही जोडी पुरेशी आहे. दोन्ही मोफत, खातं उघडायची भानगड नाही. फक्त चुकीची फाइल उचलली की पहिल्याच प्रकरणात सगळे जांभया देतात आणि खापर बिचाऱ्या लेखकावर फुटतं.

गुटेनबर्ग १९७१पासून चालू आहे. तिथली साधी टेक्स्ट फाइल फोनसाठी घेऊ नका. तिच्यात प्रत्येक ओळ सत्तरेक अक्षरांवर तोडलेली असते, त्यामुळे अरुंद पडद्यावर एक ओळ पूर्ण आणि पुढची दोन शब्दांची, असा प्रकार होतो. तिरप्या अक्षरांऐवजी शब्दाच्या दोन्ही बाजूंना अंडरस्कोर दिसतात. ईपब, म्हणजे ई-पुस्तकांसाठीची खास फाइल घ्या, तीही चित्रांसकट. अक्षरं हवी तेवढी मोठी होतात.

इतर भाषांतून इंग्रजीत आलेल्या कादंबऱ्या घेतल्या तर खरी ग्यानबाची मेख भाषांतरात आहे. बहुतेक पुस्तकं कॉपीराइट संपलेली, म्हणून भाषांतरंही जुनी, कधी कधी चक्क कापलेली. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नची पाणबुडीवरची कादंबरी 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी'च घ्या. मर्सियर यांच्या १८७०च्या दशकातल्या भाषांतरात शास्त्रीय वर्णनांवर सपासप कात्री चालली आहे. पूर्ण मजकूर हवा तर एफ. पी. वॉल्टर यांचं भाषांतर निवडा. तेही तिथेच मिळतं.

लिब्रिव्हॉक्सवर २००५पासून स्वयंसेवक पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात. 'सोलो' म्हणजे अख्खं पुस्तक एकाच आवाजात. गटाने वाचलेल्या पुस्तकात प्रकरणागणिक आवाज आणि उच्चार बदलतात, काही ठिकाणी ध्वनीची पातळीही. लहान मुलांचा धागा तिथेच तुटतो, म्हणून सोलोच बरं. तरीही उतरवण्याआधी मधलं एखादं प्रकरण ऐकून बघा. पहिल्या प्रकरणात सगळेच नीट वाचतात! ६४ केबीपीएसची फाइल तासाला साधारण २९ एमबी घेते.

सुरुवात साप्ताहिकात क्रमशः आलेल्या कादंबरीने करावी. डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' १८६०-६१मध्ये आठवड्याला एक हप्ता अशी छापली गेली. तिची ५९ प्रकरणं सरासरी तीनेक हजार शब्दांची, म्हणजे मोठ्याने वाचायला वीसेक मिनिटं. त्याच्याच मासिक हप्त्यांच्या कादंबऱ्या जास्त ऐसपैस आणि पात्रांनी गजबजलेल्या असतात. चार दिवस खंड पडला की कोण कोणाचा कोण, ते कुणालाच सांगता येत नाही. त्या नंतर घ्या, आणि वाचताना पात्रांची यादी कागदावर लिहून समोर ठेवा.