फुकट मिळणारी एक पुस्तिका आणि तिच्यातली धर्मगुरूंची पानं

नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस म्हणजे अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांची मानाची संस्था. तिने इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनसोबत जानेवारी २००८ मध्ये 'सायन्स, इव्होल्यूशन अँड क्रिएशनिझम' नावाची पुस्तिका काढली, तिच्याबद्दल लिहितेय. शाळेत विज्ञानाच्या तासाला उत्क्रांतीच्या जोडीने निर्मितीवादही, म्हणजे सजीव देवाने घडवले हे मतही, शिकवायचा की नाही हा अमेरिकेतला जुना वाद, आणि तो समजून घ्यायचा असेल तर इतक्या थोड्या पानांत इतकं स्वच्छ मांडलेलं मी तरी दुसरं वाचलेलं नाही. पीडीएफ फुकट आहे, चित्रं रंगीत आहेत, भाषा सोपी आहे. पण एक मोठी तक्रारही आहे आणि ती धर्मगुरूंच्या पानांबद्दल आहे, म्हणजे जो भाग मला सगळ्यात जास्त आवडला त्याच्याबद्दलच.

आधी पुस्तिका काय आहे ते सांगते. ही तिसरी आवृत्ती, पहिली १९८४ ची, दुसरी १९९९ ची. लिहिणाऱ्या समितीचे अध्यक्ष फ्रान्सिस्को आयाला, हे आधी कॅथलिक डॉमिनिकन पंथाचे पाद्री होते आणि नंतर जनुकशास्त्रज्ञ झाले. सुरुवात टिकटालिकपासून होते. मासा आणि चार पायांचे प्राणी यांच्या मधल्या टप्प्यावरचा हा जीव, २००४ मध्ये कॅनडाच्या एल्समिअर बेटावर साधारण साडेसदतीस कोटी वर्षं जुन्या खडकात सापडला. आणि तो नशिबाने नाही सापडला हो, असा प्राणी असलाच तर कुठल्या काळातल्या, कुठल्या प्रकारच्या खडकात असेल हे शास्त्रज्ञांनी आधी ठरवलं आणि तसे खडक जिथे उघडे पडलेत तिथे जाऊन काही वर्षं शोधत राहिले. विज्ञान कसं काम करतं हे मुलांना सांगायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही, नुसतं हे पान वर्गात वाचून दाखवलं तरी अर्धा तास छान चर्चा होते. मग सार्सचा विषाणू येतो, गव्हाची शेती येते, म्हणजे उत्क्रांती ही काही फक्त जुन्या हाडांची गोष्ट नाही, दवाखान्यात आणि शेतातही ती कामाला येते हे कळतं. पुराव्यांचं प्रकरण चांगलं आहे पण तसं ओळखीचं आहे, जीवाश्म, भ्रूण, डीएनए वगैरे, जीवशास्त्र थोडंफार वाचलेल्यांना त्यात फार नवीन काही नाही.

निर्मितीवादावरचं प्रकरण जास्त कामाचं. एक गोष्ट ते सुरुवातीलाच स्पष्ट करून टाकतात, की निर्मितीवाद म्हणजे एकच मत नाही. पृथ्वी काही हजार वर्षांपूर्वीच बनली म्हणणारे आहेत, पृथ्वी जुनी आहे पण सजीव वेगवेगळे घडवले म्हणणारे आहेत, आणि इंटेलिजंट डिझाइनवाले आहेत, जे देवाचं नाव न घेता म्हणतात की काही रचना इतक्या गुंतागुंतीच्या आहेत की त्या टप्प्याटप्प्याने होऊच शकत नाहीत. जिवाणूची शेपटी, रक्त गोठण्याची क्रिया ही त्यांची नेहमीची उदाहरणं, त्यांना उत्तर थोडक्यात पण मुद्देसूद दिलंय, की आज एका कामाला लागणारे भाग आधी वेगळ्या कामाला वापरात होते असं दिसतं. कुठेही खिल्ली नाही, कुणाच्या श्रद्धेवर शेरेबाजी नाही, आणि मी स्वतः देव मानते त्यामुळे हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण या विषयावरचं बरंचसं लिखाण पहिल्याच पानावर देवाला हाकलून देतं आणि मग श्रद्धा असलेला वाचक पुस्तक मिटून ठेवतो, पुढे कितीही चांगलं लिहिलेलं असो.

आता ती पानं. एका चौकटीत धर्मगुरूंची आणि धर्मसंस्थांची निवेदनं आहेत, त्यांना श्रद्धा आणि उत्क्रांती यांच्यात भांडण दिसत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २२ ऑक्टोबर १९९६ ला व्हॅटिकनच्या पाँटिफिकल अकॅडमी ऑफ सायन्सेसला पाठवलेला संदेश आहे, त्यात ते म्हणाले की नव्या संशोधनानंतर उत्क्रांती ही केवळ गृहीतक राहिलेली नाही. प्रेस्बिटेरियन चर्चच्या महासभेचं म्हणणं आहे. अमेरिकन रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, मध्यवर्ती परिषदेचं आहे, त्यांचा रोख सरळ शाळेवर आहे, मुलांना उत्क्रांती कळली नाही तर जग आणि निसर्गाचे नियमच नीट कळणार नाहीत, आणि विज्ञान नसलेली गोष्ट विज्ञान म्हणून शिकवली तर विज्ञानाची पद्धत काय असते याबद्दल चुकीच्या कल्पना त्यांच्या डोक्यात बसतील. आणि क्लर्जी लेटर आहे, दहा हजारांहून जास्त ख्रिस्ती पाद्र्यांनी सही केलेलं. २००४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रँट्सबर्गच्या स्कूल बोर्डाने (तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाने) उत्क्रांतीविरोधी धोरण आणलं तेव्हा मायकेल झिमरमन या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी पाद्र्यांना हाक दिली आणि त्यातून हे पत्र झालं. चिकित्सक विचार करणारी बुद्धी ही देवाचीच देणगी आहे आणि ती न वापरणं हा देणाऱ्याचा अपमान, असा त्याचा साधारण सूर आहे. मला हे वाचताना खरंच भरून आलं, कारण मुलांच्या विज्ञानाच्या तासासाठी हजारो धर्मोपदेशक आपलं नाव पुढे करतात ही छोटी गोष्ट नाही, यातल्या कितीतरी जणांच्या समोर दर रविवारी याच मताच्या विरुद्ध असलेली माणसंही बसत असणार आणि त्यांना तोंड द्यावं लागत असणार.

पण मग तक्रार. ही सगळी निवेदनं चार-पाच ओळींच्या तुकड्यांत येतात आणि संपतात. वाचणाऱ्याला वाटेल की शास्त्रज्ञांनी आपल्या बाजूने बोलणारे धर्मगुरू गोळा करून त्यांची शिफारसपत्रं चिकटवली. प्रत्यक्षात धर्मगुरू या लढाईत नुसते पाठिंबा देणारे नव्हते, ते स्वतः कोर्टात गेले होते. हे पुस्तिकेत ठळकपणे यायलाच हवं होतं.

१९८१ साली आर्कान्सा राज्याने कायदा केला, अ‍ॅक्ट ५९०, की शाळेत उत्क्रांती शिकवाल तर क्रिएशन सायन्सलाही, म्हणजे विज्ञान म्हणून मांडलेल्या निर्मितीवादालाही, तेवढीच जागा द्या. याच राज्यात आधी उत्क्रांती शिकवायलाच बंदी होती, ती सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्ये रद्द केली होती, मग बंदी जमत नाही म्हटल्यावर हा समान जागेचा रस्ता निघाला. त्या कायद्याविरुद्धचा खटला मॅक्लीन नावाने ओळखला जातो, आणि हे मॅक्लीन कोण, तर रेव्हरंड विल्यम मॅक्लीन, युनायटेड मेथडिस्ट पंथाचे पाद्री. त्यांच्यासोबत वादी म्हणून मेथडिस्ट, एपिस्कोपल, रोमन कॅथलिक आणि आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे आर्कान्सातले बिशप, प्रेस्बिटेरियन चर्चचे प्रमुख अधिकारी, ज्यू संघटना, आणि काही सदर्न बॅप्टिस्ट पाद्रीसुद्धा. पुढे सदर्न बॅप्टिस्टांच्याच राष्ट्रीय अधिवेशनाने १९८२ मध्ये वैज्ञानिक निर्मितीवाद शिकवण्याच्या बाजूने ठराव केला, आणि त्याच पंथातले हे पाद्री आधीच विरुद्ध बाजूने कोर्टात गेलेले. शिकागो विद्यापीठातले धर्मशास्त्रज्ञ लँग्डन गिल्की यांनी वादींच्या बाजूने साक्ष दिली. आणि साक्षीदारांत आयाला पण होते, म्हणजे याच पुस्तिकेच्या समितीचे अध्यक्ष! ५ जानेवारी १९८२ ला न्यायाधीश विल्यम ओव्हर्टन यांनी कायदा रद्द केला, क्रिएशन सायन्स हे विज्ञान नाही आणि तो कायदा धर्माचा पुरस्कार करतो म्हणून सरकारला तसं करायला मनाई करणाऱ्या घटनेच्या पहिल्या दुरुस्तीत बसत नाही असा निकाल.

विचार करा, बिशप लोकांना अशा कायद्याविरुद्ध उभं राहायची गरज काय होती. वरवर बघता कायदा तर त्यांच्याच देवाच्या बाजूचा दिसतो. पण बायबलमधली सृष्टीची कथा कशी वाचायची हे सरकारने ठरवलं की तिचा एकच अर्थ सरकारी होतो, आणि बाकी सगळ्या चर्चमधली मुलं सरकारी शाळेत बसून दुसऱ्या पंथाची शिकवण विज्ञान म्हणून पाठ करतात. शिवाय कथा ज्यासाठी सांगितली ते बाजूला राहतं आणि ती खडकांच्या वयाशी जुळते का यावर तिची परीक्षा होते. म्हणजे समान जागेचा हा कायदा विज्ञानाचं नुकसान करतो तसंच धर्माचंही करतो, आणि माझ्या मते पूर्ण वादातला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे कारण तो श्रद्धा असलेल्या पालकाला त्याच्याच घरातून समजतो, त्यासाठी त्याला श्रद्धा सोडावी लागत नाही.

डोव्हरचा खटला पुस्तिकेत आहे, ताजा होता ना तेव्हा. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या स्कूल बोर्डाने २००४ मध्ये ठरवलं की नववीच्या मुलांना इंटेलिजंट डिझाइनबद्दल एक निवेदन वाचून दाखवायचं. विज्ञानाच्या शिक्षकांनी वाचायला नकार दिला, मग प्रशासनातल्या अधिकाऱ्यांनी येऊन वाचलं. (त्या शिक्षकांबद्दल मला फार आदर आहे, नोकरी सांभाळून असं म्हणणं सोपं नसतं.) अकरा पालक कोर्टात गेले आणि २० डिसेंबर २००५ ला न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानांचा निकाल दिला की हा निर्मितीवादच आहे. ज्या पाठ्यपुस्तकाकडे मुलांना पाठवायचं होतं त्याच्या जुन्या मसुद्यांत सरळ निर्मितीवादाचेच शब्द होते आणि क्रिएशन सायन्स शिकवायला लावणारा कायदा रद्द करणाऱ्या १९८७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तिथे डिझाइन बसवलं गेलं, हे त्या खटल्यात कागदोपत्री उघड झालं. या खटल्यातही पालकांच्या बाजूच्या साक्षीदारांत एक कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ होते, जॉर्जटाउन विद्यापीठाचे जॉन हॉट. चहाचं पाणी का उकळतंय या प्रश्नाला त्यांची तीन उत्तरं होती: रेणूंची हालचाल वाढली म्हणून, कुणीतरी गॅस लावला म्हणून, आणि मला चहा प्यायचाय म्हणून. तिन्ही खरी, पण तिसरं उत्तर पहिल्याच्या जागी ठेवता येत नाही. विज्ञानाच्या तासाला पहिलं उत्तर शिकवतात. इतकं सोपं आणि इतकं बरोबर स्पष्टीकरण धर्मशास्त्रज्ञाने कोर्टात दिलंय आणि ते अशा पुस्तिकेत पानभर यायला पाहिजे होतं, पुढच्या आवृत्तीत तरी घ्या.

दुसरी उणीव म्हणजे विरोधातल्या धर्मगुरूंशी पुस्तिका फारशी बोलत नाही. असे पाद्री थोडे नाहीत, त्यांच्या मागे मोठे समाज आहेत, आणि त्यांची भीती फक्त जीवाश्मांबद्दल नसते. माणूस प्राण्यांतूनच आला तर त्याला नीतीचं बंधन कुठून येणार, आदाम ऐतिहासिक नसेल तर पाप आणि तारण या शिकवणीचं काय, हे त्यांचे खरे प्रश्न आहेत. त्याला टिकटालिक दाखवून उत्तर मिळत नाही. पोपचंही पूर्ण म्हणणं बघा, त्याच १९९६ च्या संदेशात त्यांनी मानवी आत्मा निव्वळ जड पदार्थातून उपजला असं मानणाऱ्या विचारांना स्पष्ट नकार दिलाय. पुस्तिकेचा भर पहिल्या अर्ध्यावर आहे. मला वाटतं दोन्ही अर्धे ठळक छापले असते तर पुस्तिकेवरचा विश्वास वाढलाच असता, कारण मग दिसलं असतं की उत्क्रांती मान्य करणारा धर्मगुरू आपल्या श्रद्धेतलं काही गुपचूप सोडून देत नाही, कुठली गोष्ट कुणाच्या अखत्यारीत हे तो उघडपणे सांगतो.

शेवटची प्रश्नोत्तरं मात्र उत्तम, पूर्ण पुस्तिकेत सगळ्यात वापरण्याजोगा भाग. दोन्ही बाजू शिकवणं न्याय्य नाही का, हा प्रश्न प्रत्येक पालकसभेत येतोच आणि ऐकायला तो अगदी रास्त वाटतो. उत्तर असं की न्याय हा पुराव्यांच्या बाबतीत असतो, आणि विज्ञानाच्या तासाला येण्यासाठी कल्पनेला आधी पुराव्याची परीक्षा द्यावी लागते, ती न देता थेट वर्गात जागा मागणं हे इतर सगळ्या वैज्ञानिक कल्पनांवर अन्याय आहे. इतिहास किंवा तत्त्वज्ञानाच्या तासाला निर्मितीच्या कथांवर बोलायला कुणाची ना नाही. हा भाग सुटा छापून शिक्षकांच्या खोलीत ठेवावा असं मी सांगेन.

तर पाचपैकी चार तारे. जीवशास्त्राच्या शिक्षकांनी घ्यावी, आठवी-नववीच्या पुढच्या मुलांना निवडक पानं द्यावीत, इंग्रजी जमत असेल तर पालकांनीही वाचावी. स्कूल बोर्डावरच्या माणसाला द्यायची असेल तर आधी प्रश्नोत्तरं आणि मग निर्मितीवादाचं प्रकरण असा क्रम ठेवा. आणि एखाद्या धर्मोपदेशकाला द्यायची असेल तर सोबत ओव्हर्टन यांच्या निकालाची सुरुवातीची पानंही द्या, त्यात वादींची पूर्ण यादी आहे.