वर्गातला व्हिडिओ कॉल, आठ महिन्यांनंतर: पैसे आवाजावर घाला

जून ते जानेवारी व्हिडिओ कॉलचा हा संच गोव्यातल्या सत्तरी आणि तिसवाडी तालुक्यांतल्या दोन मराठी प्राथमिक शाळांत आठवड्यातून दोनदा चालला. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर शाळांकडे होतेच. नव्याने घेतलं ते एवढंच: 1080p वेबकॅम, यूएसबी स्पीकरफोन, दीड मीटरचा ट्रायपॉड, 5 मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर आणि राउटरचा छोटा 12 व्होल्टचा यूपीएस. कंपन्यांची नावं दिलेली नाहीत, कारण पुढचं बहुतेक सगळं कुठल्याही कंपनीच्या मालाला लागू पडतं.

खरेदीच्या वेळी सगळ्यांचं लक्ष कॅमेऱ्यावर असतं. वर्ग मात्र आवाजावर चालतो. चित्र अडखळलं तर मुलं थांबतात, वाट बघतात. आवाज तुटला की दोन मिनिटांत मागच्या रांगेत गप्पा सुरू होतात आणि मग टीचरने कितीही हाका मारल्या तरी वर्ग परत येत नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या दुप्पट पैसे स्पीकरफोनला गेले तरी वाईट वाटून घेऊ नये.

स्पीकरफोनच का, तर माइक आणि स्पीकर एकाच डबीत असतात. आपण काय वाजवतोय हे त्या डबीला ठाऊक असतं, म्हणून माइकमध्ये परत आलेला तेवढाच आवाज ती कापते. आवाज प्रोजेक्टरच्या स्पीकरमधून गेला की हे गणित मोडतं आणि पलीकडच्या वर्गाला स्वतःचेच शब्द अर्ध्या सेकंदाने ऐकू यायला लागतात. इथेच सगळ्यात जास्त वेळा फसगत झाली: लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडणारी एचडीएमआय वायर लावली की विंडोज पुष्कळदा न विचारता आवाज प्रोजेक्टरकडे वळवतं. म्हणून क्रम ठरवून टाका. आधी एचडीएमआय, मग स्पीकरफोन, मग मीटिंग. मीटिंग उघडल्यावर ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर आणि माइक या दोन्ही ठिकाणी स्पीकरफोनचंच नाव आहे ना, हे डोळ्यांनी बघायचं. त्याच खोलीत टीचरच्या मोबाइलवरून तीच मीटिंग जोडलेली असेल तर शिट्टी वाजणारच. मोबाइलचा ऑडिओ पूर्ण तोडा, नुसतं म्यूट करून भागत नाही, कारण त्याचा स्पीकर चालूच राहतो.

खोक्यावर माइकची पोच पाच मीटर लिहिली होती. चिऱ्याच्या भिंती, फरशी आणि उघड्या खिडक्यांच्या वर्गात कामाचे दोनच मीटर मिळाले. उपाय साधा आहे. स्पीकरफोन पहिल्या बाकावर ठेवा, त्याच्यापुढे हातभर अंतरावर जमिनीवर खडूने गोल काढा. ज्याला बोलायचंय त्याने गोलात यायचं. वळणही लागतं आणि एका वेळी एकच मूल बोलतं.

झूममध्ये आणखी एक खाचखळगा आहे. पाठीमागचा आवाज गाळायची सोय मुलांची एकसुरात म्हटलेली कविता गोंगाट समजून कापते. घुमट या मातीच्या तालवाद्याच्या थापेचंही तेच: वाजवणाऱ्याचा हात दिसतो, नाद येत नाही. अशा वेळी ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करायचं, पण त्याखालची ‘एको कॅन्सलेशन’ची (परत आलेला आवाज कापायची) खूण तशीच ठेवायची.

पावसाला मात्र उत्तर नाही. जुलैत कौलांवर, त्याहून पत्र्यावर, सर कोसळली की कुठलाच माइक कामाचा नाही. त्या दिवसांत पाटीने तारलं. प्रश्न चॅटमध्ये लिहून यायचा, मुलं पाटीवर उत्तर मोठ्या अक्षरात लिहून कॅमेऱ्यासमोर धरायची. पहिल्याच वेळी मुलं म्हणतात, ‘टीचर, अक्षरं उलटी दिसतात!’ ती फक्त आपल्या पडद्यावर आरशासारखी दिसतात, पलीकडे सरळच जातात. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर मुलं पाटीवर मुद्दाम उलटी अक्षरं काढायला लागतात.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. कॅमेऱ्यात किती मावतं ते सांगणारा 78 अंश हा कोन कर्णावर मोजलेला असतो, आडवा सुमारे 70 पडतो. म्हणजे तीन मीटरवरून साधारण सव्वाचार मीटर रुंदी मावते, लहान वर्गाला पुरे. पाठ खिडकीकडे असलेली मुलं काळ्या सावल्या दिसतात. उजेड कॅमेऱ्याच्या पाठीमागून यायला हवा. साधी यूएसबी वायर पाच मीटरच्या पुढे वाढवू नका, कॅमेरा मध्येच गायब होतो. जास्त लांब हवी तर मध्येच सिग्नलला जोर देणारी, रिपीटरवाली घ्या.

इंटरनेटचा वेग बघताना डाउनलोड नको, अपलोड बघा. 3 एमबीपीएस अपलोड टिकून मिळत असेल तर 720p चित्र नीट जातं. मोबाइल हॉटस्पॉटवर तासाला साधारण 1 जीबी धरा. रोजच्या 1.5 जीबीच्या पॅकवर एक तास होतो, दुसरा मध्येच आटपतो, आणि पॅक संपल्यावर 64 केबीपीएसवर चित्र सोडाच, आवाजही धड येत नाही. फुकट खात्यावर झूम 40 मिनिटांना कापतं, गूगल मीट तिघे किंवा जास्त असतील तर 60 मिनिटांना. सकाळची चाचणी त्याच मीटिंगमध्ये केली तर तेवढी मिनिटं धड्यातून जातात, म्हणून चाचणीला वेगळी मीटिंग काढा.

लाईट गेली की लॅपटॉप चालतो, स्पीकरफोन त्याच्यावर चालतो, यूपीएसवर राउटर चालतो, प्रोजेक्टर जातो. लॅपटॉप मुलांकडे फिरवून धडा पुरा करायचा. दिव्यावर चालणारा प्रोजेक्टर लाईट येताच लगेच लावू नये, आधी निवू द्यावा.

आता शिकवण्याचं. सगळ्यात चांगले गेलेले तास दोन वर्गांच्या अदलाबदलीचे. तिसवाडीच्या मुलांनी खाजनातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतातली) मानस, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, समजावून सांगितली: भरतीचं पाणी दारं आपोआप लोटून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून उघडतं. पुठ्ठ्याची दारं लावून केलेली मातीची मानस एका मुलीने कॅमेऱ्याला अगदी चिकटवून धरली, तेव्हा पडद्यावर नुसता तपकिरी ढग. वस्तू दोन वीत लांब धरायची, हलवायची नाही आणि मनात पाच मोजायचे, तेवढ्यात फोकस बसतो. मग सत्तरीकडून कुळागरातला (सुपारीच्या बागेतला) सुपारीचा घड आला, त्यामागोमाग प्रश्न: ‘तुमचं पाणी खारट, मग भात कसा होतो?’ हा प्रश्न पुस्तकातल्या पानावरून आला नसता.

असा तास वीस मिनिटांचाच ठेवा. प्रत्येक बाजूने तीन प्रश्न आदल्या दिवशी लिहून पाठवा. दोन्हीकडच्या टीचरनी एकदा फोनवर बोलून कोण आधी सुरू करणार ते ठरवा. एकशिक्षकी शाळेत कॉलवर नसलेली इयत्ता रिकामी बसते, तिला त्या वेळी पाटीवरचं काम देऊन ठेवा.

टीचरना शिकवताना एक चूक पुन्हापुन्हा दिसली: दोन तासांत सगळी बटणं दाखवायची आणि निघून जायचं. पहिले तीन कॉल माहीतगार माणसाने वर्गात मागे बसावं, हात लावू नये. चौथ्यापासून फोनवर असावं. लॅपटॉपला चिकटवलेल्या कागदावर पाचच ओळी: वायरींचा क्रम, ऑडिओची तपासणी, म्यूट, स्क्रीन शेअर बंद करणं, मदतीचा फोन नंबर. त्यातली चौथी ओळ विसरली की हजेरीची वही सगळ्यांना दिसते.

लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकू नका. वेटिंग रूम चालू, रेकॉर्डिंग बंद. पडद्यावर मुलांची नावं नकोत, ‘तिसरी’ एवढं पुरे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती मागतो. शाळा उघडतानाच लेखी घेऊन ठेवा.

गोव्यातली हवा यंत्रांना सोसत नाही. पहिल्या पावसाळ्यातच कॅमेऱ्याच्या काचेवर बुरशीचा ठिपका आला आणि खाडीजवळच्या शाळेत यूएसबीच्या टोकांवर हिरवट थर चढला. टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, चालली; काच गेली ती गेलीच. तेव्हापासून कॅमेरा आणि स्पीकरफोन घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत राहतात. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करायचे. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीत डबा शाळेत ठेवू नका, कोणाच्या तरी घरी कोरड्या कपाटात न्या.