पालकांसाठी वयानुरूप लैंगिक शिक्षण : जुळे सोलापुरातील एका कार्यशाळेविषयी

सोलापूर शहरातील जुळे सोलापूर या भागातल्या एका समुपदेशन केंद्राने पालकांसाठी घेतलेल्या अर्ध्या दिवसाच्या कार्यशाळेला मी आणि माझे पती उपस्थित होतो. या विषयावरील व्याख्याने बहुधा ‘मुलांशी मोकळेपणाने बोला’ एवढे सांगून संपतात आणि नेमके काय बोलायचे, हे पालकांनी घरी जाऊन शोधायचे असते. येथे मात्र प्रत्यक्ष वाक्ये दिली जातात आणि ती सर्वांसमक्ष म्हणून घेतली जातात. मला या कार्यशाळेचे खरे मोल त्यातच वाटते.

चार वर्षांच्या मुलाने ‘बाळ कुठून आलं?’ असे विचारले तर काय सांगाल, या समुपदेशकांच्या प्रश्नावर सभागृहात बराच वेळ कोणी बोलेना. मग नातवासाठी आलेल्या एक आजी म्हणाल्या, “देवानं दिलं म्हणतो की आम्ही.” त्यांना न खोडता समुपदेशकांनी विचारले, “आजी, मग त्यानं ‘बाहेर कसं आलं?’ असं विचारलं तर?” त्यानंतर त्यांनी उत्तर सुचवले : “आईच्या पोटात गर्भाशय नावाची पिशवी असते. बाळ त्यात वाढतं आणि योनीमार्गातून बाहेर येतं. कधी डॉक्टर पोटावर छेद देऊन त्याला काढतात.” विचारले तेवढेच सांगावे आणि थांबावे, पुढचा प्रश्न मुलाला सुचेल तेव्हा येऊ द्यावा, हेही त्यांनी बजावले. आजींनी ते वाक्य दोनदा म्हटले; दुसऱ्यांदा त्यांचा आवाज दबलेला नव्हता.

मांडणी वयोगटानुसार होती. सहा वर्षांच्या आत शरीराच्या सर्व अवयवांची खरी नावे आणि नको असलेल्या स्पर्शाला, तो नातेवाइकाचा असला तरी, ‘नाही’ म्हणण्याचा हक्क. त्यानंतर जन्म आणि खासगीपणा. आणि वयात येण्याची माहिती तर बदल सुरू होण्याआधीच. मुलींमध्ये हे बदल साधारण 8 ते 13 आणि मुलांमध्ये 9 ते 14 या वयात सुरू होत असल्याने ‘आठवीत गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्या पालकांना उशीर झालेला असतो, हे अनेकांना तेथे प्रथमच कळले.

सर्वांत भक्कम भाग 2012 च्या पॉक्सो कायद्याचा, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचा होता. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणे हा गुन्हा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो आणि त्या वेळी पोलीस गणवेशात नसतात. 1098 हा मदत क्रमांक मुलांसाठी चोवीस तास विनाशुल्क आहे. पोलीस ठाण्याच्या भीतीने गप्प बसणाऱ्या कुटुंबांना ही माहिती किती आधार देऊ शकते, हे मला तेथे जाणवले. मूल काही सांगू लागले तर पहिले वाक्य ‘तू तिथे गेलासच कशाला?’ हे नसून ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, चूक तुझी नाही’ हे असावे, याचा सरावही घेतला गेला.

उणिवाही गंभीर आहेत. मासिक पाळीवर सविस्तर बोलणाऱ्या समुपदेशकांनी मुलग्यांचे स्वप्नस्खलन (झोपेत आपोआप होणारे वीर्यस्खलन), आवाज फुटणे आणि त्यातून येणारी घालमेल घाईघाईने उरकली. बहुतेक बाप आलेच नव्हते, त्यामुळे मुलग्यांशी कोणी बोलायचे हा प्रश्न तसाच राहिला. मोबाइलवर मुलांच्या नजरेस पडणाऱ्या अश्लील चित्रफितींचा विषय तर अगदी शेवटी, लोक उठू लागले असताना आला. शिवाय सगळे मराठीतच होते. आपल्या शहराच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी असंख्य कुटुंबे आहेत, कन्नड बोलणारीही कमी नाहीत; आणि असे नाजूक बोलणे आईच्या तोंडी तिच्या स्वतःच्या भाषेतच सहज येते. दिवसभर घरी विड्या वळणारी आई जुळे सोलापूरपर्यंत येईल ही अपेक्षाही रास्त नाही. हे सत्र तिच्या वस्तीत, तिच्या सोयीच्या वेळी व्हायला हवे.

ज्यांची मुले दहा वर्षांच्या आतील आहेत, त्यांनी ही कार्यशाळा अवश्य करावी आणि शक्यतो आई-वडील दोघांनी जावे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या पालकांना मात्र ती अपुरी पडेल, कारण प्रेमसंबंध, संमती आणि गर्भनिरोधन यांना तिच्यात जागाच ठेवलेली नाही.