ओव्हरराइड की डेट एक्सक्लूजन: बॅलटवर कशाला ‘हो’?

मॅसॅच्युसेट्समध्ये घर घेऊन स्थिरावलेल्या, नुकतंच नागरिकत्व मिळालेल्या ओळखीच्यांचा वसंतात एक फोन हमखास येतो. "गावाच्या बॅलटवर दोन प्रश्न आहेत, एक ओव्हरराइड, एक डेट एक्सक्लूजन. दोन्हींत घराचा टॅक्स वाढणार. एकालाच ‘हो’ म्हणायचं तर कशाला?" (ग्रीन कार्डवाले हा फोन करत नाहीत. टॅक्स त्यांनाही आहे, मत नाही.) माझी दोन्ही बाजूंनी मतं देऊन झालीत, त्यातल्या एका मताचा पस्तावाही झालाय.

प्रपोझिशन अडीचची वेसण तुम्हाला माहीत असेलच: मतदारांना विचारल्याशिवाय गावाला मालमत्ता कराची वसुली वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. १९८० साली मतदारांनीच ती घातली. फक्त एक गैरसमज फार जणांचा असतो म्हणून सांगतो: अडीच टक्क्यांची मर्यादा तुमच्या बिलाला नाही, गावाच्या एकूण वसुलीला आहे, आणि त्यात नव्या बांधकामांची भर वेगळी पडते. शिक्षकांचे करार, आरोग्यविमा, विशेष शिक्षणाच्या मुलांची ने-आण हे खर्च अडीच टक्क्यांत थांबत नाहीत, म्हणून गाव मतदारांपुढे येतं.

दोन वाटांमधला फरक पुण्या-मुंबईतल्या सोसायटीत राहिलेल्याला पटकन कळतो. डेट एक्सक्लूजनमध्ये एखाद्या इमारतीच्या कर्जाचे हप्ते फिटेपर्यंत त्या मर्यादेबाहेर टॅक्स घेतात, म्हणजे लिफ्ट बदलायला काढलेली वर्गणी. कर्ज फिटलं की संपली. ओव्हरराइडमध्ये रोजच्या खर्चासाठी मर्यादाच वाढवतात, म्हणजे महिन्याचा मेंटेनन्सच वाढवणं. तो आपोआप पुन्हा खाली येत नाही आणि पुढची अडीच टक्के वाढ त्या नव्या आकड्यावर धरली जाते. सोसायटीच्या सभेत लिफ्टला सगळे कुरकुरत का होईना हात वर करतात, पण मेंटेनन्स दोनशे रुपयांनी वाढवायचा म्हटलं की रात्री अकरापर्यंत भांडण. इथेही माणसं तीच.

आमच्या गावात काही वर्षांपूर्वी दोन्ही प्रश्न एकाच दिवशी आले. मी हिशोब केला: शाळेच्या नव्या इमारतीचा बोजा कधीतरी उतरेल, ओव्हरराइड मात्र जन्माची मानगुटीवर. इमारतीला ‘हो’, ओव्हरराइडला ‘नाही’. गावानेही तेच केलं. शाळा देखणी झाली, त्यात वाद नाही. पण पुढच्याच बजेटात लायब्ररियनचं पद अर्ध्यावर आलं. मुलगी अधूनमधून सांगायची, "बाबा, आज लायब्ररी बंद होती," आणि मी ते ऐकून सोडून द्यायचो. मग एका संध्याकाळी पालकसभेला गेलो. जमिनीपासून छतापर्यंत काचा, आत नव्याकोऱ्या पुस्तकांच्या रांगा, खाली बसायला रंगीत गाद्या, आणि दाराला कुलूप. दर तीन महिन्यांनी बिल भरताना मला ते कुलूप आठवतं. बॉण्डचा, म्हणजे इमारतीसाठी काढलेल्या कर्जाचा पैसा विटा-सिमेंटला चालतो, पगाराला नाही. नियमच तसा आहे. शाळेला बोल लावण्यात अर्थ नव्हता, तिला पैसे मीच नाकारले होते.

‘तात्पुरतं’ हा शब्दही जरा तपासून घ्यावा. वीस-तीस वर्षांचं कर्ज असतं. मुलगी पाचवीत असताना मंजूर झालेली इमारत ती स्वतःच्या मुलांना शाळेत घालेल तेव्हा कदाचित फिटलेली असेल. तोवर अग्निशमन केंद्र किंवा दुसरी शाळा रांगेत उभी असते, त्यामुळे बिल उतरल्याचं निदान मला तरी अजून जाणवलेलं नाही.

आणि बॅलटवरची भाषा वाचा. ओव्हरराइडच्या प्रश्नात डॉलरचा आकडा छापलेला असतो: इतके जास्त घेऊ का? डेट एक्सक्लूजनच्या प्रश्नात अमुक इमारतीच्या बॉण्डची रक्कम मर्यादेबाहेर ठेवू का, एवढंच विचारतात. आकडा तिथे असावाच लागत नाही. तो माहितीपत्रकात शोधायचा. मला छापलेला आकडा बरा वाटतो. भांडायला काहीतरी हातात असतं.

इमारतीला ‘हो’, ओव्हरराइडला ‘नाही’ ही आवड फक्त आमच्याच गावाची नव्हे. बॉस्टनशेजारच्या न्यूटनमध्ये मार्च २०२३मध्ये मतदारांनी ९१ लाख ७५ हजार डॉलरची ओव्हरराइड नाकारली आणि त्याच दिवशी दोन प्राथमिक शाळांच्या इमारतींसाठी डेट एक्सक्लूजन मंजूर केलं. जानेवारी २०२४मध्ये तिथल्या शिक्षकांच्या संपात शाळेचे ११ दिवस बुडाले. एकामुळेच दुसरं झालं असं म्हणणं धाडसाचं होईल, पण दोन्ही बातम्या मी शेजारी ठेवून वाचल्या.

ओव्हरराइडमध्येही खोट आहे, ती लपवत नाही. बॅलटवर लिहिलेलं कारण फक्त पहिल्या वर्षापुरतं बांधील असतं. नंतर तो पैसा गावाच्या एकूण बजेटात मिसळतो. लायब्ररियनसाठी दिलेला डॉलर उद्या रस्त्यावर मीठ टाकायलाही जाऊ शकतो. म्हणून मत देण्याआधी ‘पुन्हा किती वर्षं मागणार नाही’ हे सिलेक्ट बोर्डाला (गावाचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाला) सभेत, सगळ्यांसमोर विचारावं. श्रूजबरी गावात २०२१ साली ९५ लाख डॉलरची ओव्हरराइड अशाच, किमान चार वर्षांच्या बोलीवर मंजूर झाली होती. बोलीला कायद्याचं बळ नसतं, पण पुढच्या निवडणुकीत ती उगाळता येते.

डेट एक्सक्लूजन कधी घ्यावं? छत गळत असेल, वर्ग कंटेनरमध्ये भरत असतील, तर विचार करत बसू नका. राज्याची स्कूल बिल्डिंग अथॉरिटी खर्चाचा मोठा वाटा उचलायला तयार असेल तर अधिकच, कारण गावाने आपला वाटा मंजूर केला नाही तर ते पैसेही जातात. निवृत्तीच्या पैशावर घर चालवणाऱ्या शेजाऱ्याला कायमची वाढ झेपत नसेल, तर त्याचं ‘नाही’ मला समजतं. असं काही नसेल आणि एकच झेपणार असेल, तर मी हल्ली आधी ओव्हरराइडचं गोल काळं करतो. आमच्या घरात यावर एकमत नाही. बायकोने गेल्या वेळी दोन्हींना ‘हो’ केलं आणि माझ्या हिशोबाच्या कागदावर किराण्याची यादी लिहिली.