नळ स्टॉपचा रविवारचा क्लास: रोड-मेट्रोत सीनियर पीएम (प्रोजेक्ट मॅनेजर) व्हायचं असेल तर जावं का?

काँट्रॅक्ट, शेड्युल आणि क्लेमची पत्रं शिकवणारा हा क्लास. आधीच सांगते, त्याचं नाव लिहिणार नाहीये. सरांनी शेवटच्या रविवारी स्वतः सांगितलंय की नेटवर नाव टाकू नका, मी १४ च्या वर माणसं घेत नाही, फोन सुरू झाले की प्रत्येकाला नाही म्हणणं जिवावर येतं. पुण्यात हायवेच्या नाहीतर मेट्रोच्या कुठल्याही कन्सल्टन्सीत ओळखीचं कोणी असेल तर विचारा, पत्ता मिळेल. नळ स्टॉप मेट्रो स्टेशनपासून चालत पाच मिनिटं, जुन्या बिल्डिंगचा दुसरा मजला.

मी सिव्हिलची, १३ वर्षं झाली. पहिली ८ हायवे डिझाइनमध्ये गेली, अलाइनमेंट, क्रॉस सेक्शन, आयआरसी ३७ हे कोड घेऊन रस्त्याच्या थरांची जाडी काढणं वगैरे, आणि मग साइटवर आले ती डेप्युटी प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून. पुढची पायरी म्हणजे काँट्रॅक्टरकडे सीनियर पीएम नाहीतर कन्सल्टंटकडे टीम लीडर, आणि तिथंच दोन वर्षं अडकले होते. इंटरव्ह्यूला बोलवायचे, टेक्निकल छान जायचं, मग पॅनेलमधलं सगळ्यात अनुभवी माणूस विचारायचं की तुमच्या प्रोजेक्टवर मुदतवाढ किती मागितली, किती मिळाली, आणि नाही मिळाली तर का? खरं उत्तर माझ्याकडे होतं पण ते तोंडातून निघायचं नाही.

ते उत्तर इथं लिहिते, कारण हा क्लास मला का भावला ते त्याशिवाय कळणार नाही. एका जुन्या नोकरीत रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम होतं, कडेनं ३३ केव्हीची लाइन, ती हलवून द्यायची जबाबदारी क्लायंटची, आणि ती सात महिने हलली नाही. साइटवर सगळ्यांना माहीत, रजिस्टरला नोंदी, व्हॉट्सॲपवर फोटोंचा ढीग, दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये विषय. पण काँट्रॅक्ट फिडिक ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नमुन्याचं, त्यांच्या १९९९ च्या रेड बुकमधलं २०.१ कलम जसंच्या तसं, म्हणजे घटना कळली किंवा कळायला हवी होती त्या दिवसापासून २८ दिवसांत क्लेमची नोटीस द्यायची, नाही दिली तर मुदतवाढ नाही आणि जादा पैसेही नाहीत. आमची नोटीस गेली ७१ व्या दिवशी. मुदतवाढ नाकारली, बिलातून एलडी, म्हणजे उशिराची भरपाई, कापली, आणि ती नोटीस लिहायचं काम माझ्याच टेबलावर होतं. ते मला अजून टोचतं.

तर आता क्लास. १२ रविवार, सकाळी ९ ते २, मधे चहा आणि पोहे, फी ३६ हजार, दोन हप्त्यांत घेतात. सर निवृत्त आहेत, आयुष्य रस्त्याच्या कामात गेलंय, आधी काँट्रॅक्टरकडे आणि मग कन्सल्टंटकडे, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू त्यांनी पाहिल्यात, आणि हेच ह्या क्लासचं बळ आहे असं मला वाटतं.

पहिल्या रविवारी स्लाइड नाही काही नाही, सगळ्यांना खाली नेलं आणि नळ स्टॉपच्या डबल डेकरखाली उभं केलं. वर मेट्रो, मधे गाड्यांचा फ्लायओव्हर, खाली आम्ही. २०२२ च्या मार्चमध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली आणि त्याच महिन्यात हा फ्लायओव्हरही उघडला. सर म्हणाले, हा एक पिअर (खांब) उभा करायला कोणाकोणाच्या सह्या लागल्या असतील ते लिहा. आम्ही लिहीत गेलो, मेट्रो, महापालिका, ट्रॅफिक पोलीस, पाणीपुरवठा, ड्रेनेज, वीज, टेलिफोन केबल, झाडांची परवानगी, मग प्रत्येकासमोर कोणी कोणाला काय द्यायचं आणि कुठल्या तारखेला, ते उशिरा आलं तर कुठलं काम थांबतं. फुटपाथवर उभं राहून तासाभरात जो तक्ता झाला तो मी आज माझ्या साइटवर जसाच्या तसा वापरते. डिझाइनमध्ये असताना मी त्याच पिअरकडे लोड आणि पाइल म्हणून बघितलं असतं, आणि तेही चूक नाही, पण पीएमनं ह्या सह्या बघायच्या असतात.

पुण्यातलीच उदाहरणं घेतात हे मला फार आवडलं. विद्यापीठ चौकातला फ्लायओव्हर हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोसाठी २०२० च्या जुलैमध्ये, लॉकडाऊनच्या काळात पाडला, त्यावर अख्खा तास चर्चा झाली की रस्ता रिकामा मिळणं हीसुद्धा क्रेन आणि माणसांसारखीच शेड्युलमध्ये धरायची गोष्ट आहे, मिळाली तेव्हा वापरायची. चांदणी चौकाचा जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे स्फोटकांनी पाडला आणि उरलेला भाग मशीननं काढावा लागला, तर हायवेचा ब्लॉक, म्हणजे वाहतूक बंद ठेवायची वेळ, किती तासांचा मागायचा आणि जास्तीची मशीन कुठं उभी ठेवायची हे आम्हाला कागदावर करायला लावलं.

शेड्युलचे तीन रविवार सगळ्यात कष्टाचे. आम्ही सगळ्यांनी आपापल्या प्रोजेक्टचा बेसलाइन, म्हणजे सुरुवातीला मंजूर झालेलं शेड्युल, आणला होता आणि अर्ध्याहून जास्त लोकांच्या बेसलाइनमध्ये पावसाळ्याचं वेगळं कॅलेंडरच नव्हतं, जुलैमध्ये डांबराचे थर दाखवलेले. मग अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे झालेल्या कामाची किंमत ठरलेल्या कामाशी ताडून बघणं. सूत्रं सगळ्यांना येतात, पण सरांनी दिलेलं उदाहरण मी विसरणार नाही. २० किलोमीटरचा चौपदरी रस्ता आणि त्यात एक रेल्वे ओव्हरब्रिज. आजपर्यंत १०० कोटींचं काम व्हायला हवं होतं, ९६ कोटींचं झालं, एसपीआय (झालेलं काम भागिले ठरलेलं काम) ०.९६, रिपोर्टमध्ये सगळं हिरवं. पण ते ९६ कोटी मातीकाम आणि जीएसबीचे (रस्त्याचा खालचा खडीचा थर), ओव्हरब्रिजच्या जीएडीला, म्हणजे मूळ आराखड्याच्या ड्रॉइंगला, रेल्वेची मंजुरीच आलेली नाही, आणि मंजुरी आल्यावरही गर्डर टाकायला रेल्वेचा ब्लॉक लागणार. म्हणजे आकडा म्हणतोय जवळजवळ वेळेवर आणि प्रोजेक्ट कित्येक महिने मागे. हे मी स्वतः दोन वर्षं मंथली रिपोर्टमध्ये पाठवत होते, मलाच कळलं नव्हतं की मी वरच्यांना चुकीचं चित्र देतेय. आता मी एसपीआयच्या शेजारी क्रिटिकल पाथवरच्या, म्हणजे लांबली तर अख्खा प्रोजेक्ट लांबवणाऱ्या, कामांची पानभर वेगळी नोंद देते.

आणि पत्रं. अहो, चार रविवार फक्त पत्रं! नावं खोडलेला खऱ्या पत्रव्यवहाराचा गठ्ठा हातात देतात, तारखा लावून घटनाक्रम काढायचा, मग २० मिनिटांत नोटीस लिहायची. माझ्या पहिल्या नोटिशीत मी लिहिलं होतं की वारंवार होणाऱ्या दिरंगाईमुळे कामावर अत्यंत विपरीत परिणाम झालेला आहे. सरांनी पेन घेतलं आणि विचारलं, "मॅडम, अत्यंत म्हणजे किती दिवस?" मग एकेक विशेषण खोडलं आणि त्या जागी काय हवं ते माझ्याकडूनच काढून घेतलं, कुठल्या चेनेजला (रस्त्यावरच्या कुठल्या किलोमीटरला), कुठल्या तारखेपासून, शेड्युलमधल्या कुठल्या ॲक्टिव्हिटीवर, काँट्रॅक्टच्या कुठल्या कलमाखाली. राग दाखवायचा नाही आणि गयावया पण करायची नाही. उलट्या बाजूनं पण करून घेतात, म्हणजे तुम्ही क्लायंटनं नेमलेले इंजिनियर आहात आणि समोरून क्लेम आलाय, तर त्यातलं देण्यासारखं किती हे प्रामाणिकपणे ठरवायचं, सगळंच नाकारलं तर मार्क कापतात. हॅमवर (हायब्रिड ॲन्युइटी मॉडेल, सरकारी रस्त्यांच्या कामाचे पैसे देण्याची एक पद्धत) एक रविवार आहे, बांधकाम चालू असताना ४० टक्के मिळतात आणि उरलेले ६० टक्के पुढच्या १५ वर्षांत ॲन्युइटीनं, म्हणजे हप्त्यांनी, त्यामुळे उशिराचं व्याज कोणाच्या खिशातून जातं ते तिथं आकड्यांनिशी कळलं.

सीव्हीचा भाग छोटा आहे पण फक्त त्यासाठी फी वसूल झाली असं मी म्हणेन. टीम लीडरसारख्या पोस्टला टेंडरमध्ये सीव्हीचे मार्क असतात, आणि ते तुमच्या हुशारीला नसतात, तशाच प्रकारच्या प्रोजेक्टवर तशाच पदावर किती वर्षं होता त्याला असतात. काम डेप्युटी टीम लीडरचं केलं पण अनुभवाच्या पत्रात सीनियर इंजिनियर लिहिलंय तर ती वर्षं गेली. आमच्या बॅचमधल्या एकाची अशी चार वर्षं निघाली. सरांनी सगळ्यांना जुन्या कंपन्यांकडून नवीन पत्रं आणायला लावली, त्यात पद, रस्त्याची लांबी, लेन, प्रोजेक्टची किंमत, कधीपासून कधीपर्यंत, सगळं. माझी दोन आली, तिसऱ्यासाठी अजून फेऱ्या चालू आहेत. नोकरी सोडतानाच हे घेऊन ठेवा, प्लीज.

पीएमपी ह्या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेटसाठी जाणाऱ्यांना सांगते, ह्या क्लासवर परीक्षा निघणार नाही. ३५ तासांच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट देतात, अर्जाला ते लागतं, आणि डिग्रीवाल्यांना ३६ महिने प्रोजेक्ट सांभाळल्याचा अनुभव दाखवावा लागतो. पण मी दिली तेव्हा २३० मिनिटांत १८० प्रश्न होते आणि त्यात ॲजाइल (छोट्या टप्प्यांनी काम करायची पद्धत) भरपूर होतं, ते इथं एका दुपारी घाईघाईत उरकलं. मी घरी रोज रात्री पोरगी झोपल्यावर दीड तास असं चार महिने वेगळं बसले. पीएमपीचा मला फायदा झाला, खासकरून माणसांबरोबरचे वाद कसे हाताळायचे ह्या प्रश्नांनी, पण मी पाहिलेल्या रोडच्या टेंडरांत त्याला वेगळे मार्क नव्हते. ३६ महिने भरले नसतील आणि हातात पैसे मोजकेच असतील तर आधी अनुभवाची पत्रं गोळा करा.

बाकी उणिवा पण आहेत. प्रिमाव्हेरा हे शेड्युल बनवायचं सॉफ्टवेअर एकाच प्रोजेक्टरवर सर करून दाखवतात, आपल्या हातात माऊस येत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअर शिकायला येऊ नका, ते दुसरीकडे शिकून या. मेट्रोमधलं सिग्नलिंग, रोलिंग स्टॉक ह्याला हात लावत नाहीत, सगळं सिव्हिलच, आणि मेट्रोत सीनियर पदावर जायचं तर तेवढ्यानं भागत नाही. रेकॉर्डिंग देत नाहीत. एका रविवारी साइटवर काँक्रीट होतं म्हणून मी येऊ शकले नाही, तो हॅमचा भाग मला पुढच्या बॅचमध्ये बसून घ्यायला लागला, त्याचे वेगळे पैसे मात्र घेतले नाहीत. पार्किंग अजिबात नाही, मेट्रोनं या. आणि १४ जणांत आम्ही दोघीच बायका होतो, वातावरण चांगलं होतं, कोणी बोलताना मधे तोडलं नाही, हे मुद्दाम लिहिते कारण साइटवरच्या मैत्रिणी मला हेच आधी विचारतात.

दोन-तीन वर्षांच्या अनुभवावर जाऊ नका, आठवायला स्वतःचं एकही भांडण नसेल तर त्या पत्रांचा काही अर्थ लागणार नाही. नोकरी थांबवून पूर्णवेळ शिकायची तयारी असेल तर बालेवाडीला निकमार ही कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट शिकवणारी संस्था आहे, तो वेगळा मार्ग. पण ८-१० वर्षं झालीत, काम येतं आणि तरी वरची खुर्ची मिळत नाहीये, अशांनी नक्की जा.

गेल्या महिन्यात आमच्या साइटवर खोदताना पाण्याची मेन लाइन ड्रॉइंगमध्ये दाखवली होती त्यापासून चार मीटर आत निघाली. तिसऱ्या दिवशी नोटीस गेली, दीड पान, एकही विशेषण नाही. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. जाताना आपल्या प्रोजेक्टचं काँट्रॅक्ट, जनरल आणि पर्टिक्युलर कंडिशन्स दोन्ही, छापून न्या, मोबाइलवरची पीडीएफ सर चालवून घेत नाहीत.