हाताने लिहिलेल्या लाँचर फाइली : आठ महिन्यांच्या वापरानंतर

ॲपइमेज स्वरूपातले (इन्स्टॉल न करता एकाच फाइलीतून चालणारे) काही प्रोग्रॅम आणि स्वतःच्या दोन-चार स्क्रिप्ट लिनक्सवरच्या नोम डेस्कटॉपच्या मेन्यूत दिसाव्यात, एवढ्याच गरजेपोटी आठ महिन्यांपूर्वी मी मेन्यू एडिटर बाजूला ठेवून डॉट-डेस्कटॉप फाइली, म्हणजे मेन्यूला प्रोग्रॅमचे नाव, चिन्ह आणि आज्ञा सांगणाऱ्या लाँचर फाइली, हाताने लिहायला घेतल्या. डोक्यावर ठरलेले शीर्षक आणि खाली टाइप, नेम, एक्झेक (चालवायची आज्ञा) व आयकॉन अशा चार ओळी, एवढ्यावर काम भागते. फाइल होम फोल्डरातल्या डॉट-लोकल, शेअर, ॲप्लिकेशन्स या वाटेवर ठेवली की रूटचा, म्हणजे सिस्टीमच्या प्रशासकाचा, पासवर्डही लागत नाही.

पहिली संध्याकाळ मात्र वाया गेली. एक्झेकच्या ओळीत होम फोल्डरासाठी मी सवयीने टिल्डचे (~) चिन्ह लिहिले होते. टर्मिनलमध्ये तीच आज्ञा बिनतक्रार चालत होती, कारण टिल्डच्या जागी पूर्ण मार्ग शेल (टर्मिनलमधल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) भरते. लाँचर शेलला विचारतच नाही, त्यामुळे त्याला तो प्रोग्रॅम सापडला नाही आणि मेन्यूत नाव उमटलेच नाही. चूक झाल्याचा संदेश नाही, काही नाही. हा मुकेपणा मला या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष वाटतो. तेव्हापासून प्रत्येक फाइल डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट या चुका दाखवणाऱ्या आज्ञेतून काढतो आणि मार्ग नेहमी पूर्ण लिहितो.

दुसरा त्रास डॉकमधला, म्हणजे प्रोग्रॅमच्या चिन्हांच्या पट्टीतला. पिन केलेल्या चिन्हावर क्लिक केल्यावर खिडकी उघडे, पण शेजारी दुसरेच, अनोळखी चिन्ह उभे राही. स्टार्टअप-डब्ल्यूएम-क्लास या ओळीत खिडकीचा नेमका क्लास (ती कोणत्या प्रोग्रॅमची ते सांगणारे नाव) लिहिल्यावर ते थांबले. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स-११ व्यवस्थेत तो क्लास एक्सप्रॉप ही आज्ञा सांगते; नव्या वेलँड व्यवस्थेत मी नोमच्या लुकिंग ग्लास या तपासणीच्या साधनातून पाहतो. चित्रे पाहण्याच्या प्रोग्रॅमसाठी एक्झेकच्या ओळीत टक्क्याच्या चिन्हापुढे लहान एफ (एका वेळी एकच फाइल) लिहिल्याने पाच चित्रे निवडताच त्याच्या पाच प्रती उघडल्या होत्या. तिथे कॅपिटल एफ (सगळ्या फाइली एकत्र) हवा होता.

सिस्टीमच्या फाइलीची त्याच नावाची प्रत होममध्ये ठेवली, तर ती मूळ फाइलीवर मात करते आणि आपले बदल अपडेटमध्ये पुसले जात नाहीत. सोय खरीच, पण एका अपडेटनंतर प्रोग्रॅमचा मार्ग बदलला आणि माझी जुनी प्रत नव्या फाइलीला झाकून बसली, तेव्हा मेन्यूतून नाव नाहीसे झाले. आता अशा प्रतींच्या पहिल्या ओळीत हॅश चिन्ह देऊन, ती कधी आणि कशासाठी केली, ते लिहून ठेवतो.